चालकाविना टॅक्सी, शेजारी एसटीचा चालक: सॅन फ्रान्सिस्कोतील वेमो सेवेचे परीक्षण

सॅन फ्रान्सिस्कोच्या इनर सनसेट भागात, आयर्व्हिंग स्ट्रीटवर, पांढरी जॅग्वार पदपथाला लागून उभी राहिली तेव्हा तिच्या छतावरच्या काळ्या घुमटात माझ्या नावाची आद्याक्षरे उजळलेली होती. मी फोनवरून दारे उघडेपर्यंत अण्णांनी गाडीला एक फेरी मारून घेतली, चारही टायरांना बुटाच्या टोकाने एकेक ठोकर दिली, वाकून खाली तेल गळते आहे का ते पाहिले, आणि मगच ते पुढच्या दाराकडे वळले. चिपळूण आगारात एकतीस वर्षे एसटी चालवलेल्या माणसाची ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, आणि समोरची गाडी विजेवर चालते म्हणूनही सुटली नाही. आत बसताच त्यांच्या जे लक्षात आले ते माझ्या इतक्या दिवसांत कधी आले नव्हते. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असते, त्यामुळे पुढची प्रवाशाची जागा उजवीकडे येते. म्हणजे नेमकी तीच जागा, जिथे बसून त्यांनी कुंभार्ली घाट जन्मभर चढला-उतरला. "सीट माझीच आहे," ते म्हणाले, "फक्त चाक त्या पोराकडे दिलंय." पोराच्या जागी कोणीही नव्हते.

माणसे आणि आपोआप चालणारी वाहने एकमेकांशी कशी वागतात याचा अभ्यास करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून एक खुलासा आधीच करते. वेमोशी माझा कसलाही व्यावसायिक संबंध नाही, सर्व फेऱ्यांचे भाडे पदरचे आहे, आणि पुढे जी निरीक्षणे येतील ती सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या वडिलांना शहर दाखवताना केलेली असल्यामुळे त्यांना संशोधन म्हणण्याचा माझा विचार नाही. टॅक्सीसेवेचे परीक्षण एरवी गाडी वेळेवर आली का, स्वच्छ होती का, भाडे किती झाले, एवढ्यावर आटोपते. ज्या गाडीत चालकच नाही तिची परीक्षा मात्र आत बसून अर्धीच होते. उरलेली अर्धी रस्ता ओलांडण्यासाठी तिच्यासमोर उभे राहून करावी लागते.

सेवेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेला स्वयंचलित मोटारीचा प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये वेमो या नावाची वेगळी कंपनी झाला. डिसेंबर २०१८ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स परिसरात कंपनीने भाडे घेऊन प्रवासी नेण्यास प्रारंभ केला तेव्हा चाकामागे देखरेखीसाठी माणूस असे. ऑक्टोबर २०२० पासून तिथल्या सर्वसामान्य प्रवाशांसाठीही ती जागा रिकामी झाली. सॅन फ्रान्सिस्कोत अग्निशमन दल आणि वाहतूक खाते यांच्या हरकती असतानाही कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक सेवा आयोगाने १० ऑगस्ट २०२३ रोजी तीन विरुद्ध एक अशा मतांनी रात्रंदिवस भाडे घेण्याची परवानगी दिली, आणि २५ जून २०२४ रोजी प्रतीक्षायादी रद्द होऊन सेवा सर्वांना खुली झाली. आम्ही बसलो त्या जॅग्वार आय-पेसवर २९ कॅमेरे, ६ रडार आणि ५ लायडार असतात. लायडार म्हणजे लेसरच्या किरणांनी चहूबाजूंची अंतरे मोजणारे यंत्र. पुढच्या चाकांच्या वरच्या अंगाला जी गरगर फिरणारी डबडी दिसतात ती तीच.

दारे लावायची, पट्टे बांधायचे आणि पडद्यावरचे प्रवास सुरू करण्याचे बटण दाबायचे, एवढेच प्रवाशाचे काम. स्पीकरमधला आवाज स्वागत करतो, चाकाला आणि पेडलांना हात-पाय लावू नयेत असे सांगतो, आणि मग रिकाम्या आसनासमोरचे चाक आपले आपण फिरू लागते. बहुतेक नवखे प्रवासी या क्षणी फोन काढून चित्रण करतात. अण्णांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि उजवा पाय किंचित पुढे सरकवला. पहिल्या तीन चौरस्त्यांवर गाडीचा वेग कमी होण्याच्या जरा आधी तो पाय खालच्या मॅटवर दाबला जात होता. चौथ्या चौरस्त्यापासून गाडीचा ब्रेक आणि अण्णांचा पाय एकाच वेळी पडू लागले. आणि गोल्डन गेट पार्क मागे पडेपर्यंत तो पाय सैल होऊन दुसऱ्या पायावर चढला. प्रवाशाचा यंत्रावरचा विश्वास मोजण्यासाठी आमच्या क्षेत्रात लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतात. त्या पुढे करण्याआधी प्रवाशाच्या उजव्या पायाकडे पाहावे, असे मला आता वाटते.

गाडी चालवण्याच्या कौशल्याला मी विनाअट चांगले गुण देते. डिव्हिजाडेरो स्ट्रीटवर सामान उतरवणारी एक व्हॅन निम्मा रस्ता अडवून उभी होती. वेमोने लांबूनच वेग कमी केला, इंडिकेटर दिला, शेजारच्या रांगेतली मोटार पुढे जाऊ दिली आणि मग बेताने बाजूची वाट धरली. या सगळ्या हालचाली समोरच्या पडद्यावर रेखाटल्या जात होत्या; त्यात व्हॅनच्या आडोशाला असलेला, आम्हाला अजून न दिसलेला एक माणूस आकृती होऊन आधी उमटला आणि काही क्षणांनी खोके उचलून प्रत्यक्ष समोर आला. मला वाटले होते की अण्णा थक्क होतील. ते म्हणाले, "व्हॅनखालून पाय दिसले असतील त्याला. आम्हीही उभ्या ट्रकच्या खालून पायच बघायचो. पोरं अशीच येतात पलीकडून." पॅसिफिक हाइट्समधल्या तीव्र उतारावर मात्र त्यांनी मनापासून दाद दिली, मांडीवर पाण्याचा तांब्या असता तरी हिंदकळला नसता, असे त्यांचे मत पडले, आणि ब्रेकच्या बाबतीत हे मत देणारा माणूस मी यापूर्वी कोणाचीही स्तुती करताना ऐकलेला नाही.

इथे एक भाषेतली गंमत नोंदवते. मराठीत गाडी स्त्रीलिंगी, त्यामुळे मी सहज 'ती वळली, ती थांबली' असे म्हणत होते. अण्णा मात्र बसल्यापासून 'हा' म्हणत होते: हा हॉर्न का वाजवत नाही, हा मागचंही बघतो वाटतं, ह्याला एकदा पावसात कुंभार्ली दाखवला पाहिजे. उतरल्यावर, रस्त्याच्या कडेला उभे असताना समोरून दुसरी वेमो आली, तेव्हा तेच अण्णा "थांब, ती जाऊ दे" म्हणाले. आत असताना त्यांच्या लेखी चालक होता. बाहेर येताच उरली ती नुसती गाडी. सर्वनामाच्या या फरकातच या सेवेचे मर्म आहे, असे मी म्हणेन. आतल्या माणसाशी बोलण्याची तिने चोख सोय केली आहे: आवाज आहे, पडदा आहे, मधेच बाजूला थांबवण्याचे बटण आहे, आणि मदतीचे बटण दाबले की जिवंत माणूस उत्तर देतो. बाहेरच्या माणसाशी बोलताना मात्र तिची बोली तोकडी पडते, आणि जेवढी तोकडी पडते तेवढी भरून काढण्याचे काम बाहेरचा माणूस करतो. त्याला त्याबद्दल कोणी विचारलेले नसते आणि तो भाडेही घेत नाही.

त्याकडे वळण्यापूर्वी व्यवहाराच्या गोष्टी उरकते. गाडी स्वच्छ असते, गाणी आणि वातानुकूलन प्रवाशाच्या हाती असते, आणि टिप द्यावी लागत नाही, हे अमेरिकेत राहणाऱ्यांना किती सुखाचे आहे ते वेगळे सांगायला नको. चालकाच्या आसनावर बसता येत नसल्यामुळे चार प्रवासी मावतात. व्हीलचेअरसकट चढण्याची गरज असेल तर ॲपवरून वेगळी गाडी मागवता येते, पण ती माणूस चालवतो. नोव्हेंबर २०२५ पासून या परिसरात सेवा द्रुतगती महामार्गांवरही जाऊ लागली, त्यामुळे लांबच्या फेऱ्यांचा वेळ वाचतो. भाडे स्वस्त नाही: २०२५ च्या वसंतात भाड्यांची तुलना करणाऱ्या एका कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोतील हजारो फेऱ्या तपासल्या तेव्हा वेमोची सरासरी २० डॉलरच्या थोडी वर आणि उबर व लिफ्टची १४ ते १६ डॉलरच्या दरम्यान आली होती. चालकाचा पगार वाचूनही भाडे जास्त का, हा अण्णांचा प्रश्न रास्त आहे. लोक जास्त पैसे द्यायला तयार आहेत, यापलीकडे मला त्याचे उत्तर देता आले नाही.

आता रस्त्याची कड. या शहरात असंख्य चौरस्त्यांवर सिग्नल नसतो, चारही बाजूंना 'थांबा' अशी लाल पाटी असते. जो आधी येऊन थांबेल त्याने आधी जायचे, असा नियम. नियम कागदावर सोपा आहे, पण प्रत्यक्षात दोन मोटारी जवळजवळ एकाच वेळी येतात, आणि मग एक चालक मान हलवतो, दुसरा स्टिअरिंगवरची दोन बोटे उचलतो आणि प्रश्न मिटतो. हे शिकायला अमेरिकेत यावे लागत नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वळणावर हॉर्न द्यायचा, रात्री डिपर मारून 'मी थांबतो' किंवा 'तू थांब' ते सांगायचे (एकाच डिपरचे दोन्ही अर्थ होतात आणि तरीही गैरसमज क्वचितच होतो), मागच्याला साईड देताना खिडकीतून हात काढून हलवायचा, आणि क्लीनर असेल तर त्याने पत्र्यावर थाप मारून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचे: ही सगळी एक भाषाच आहे, आणि लायसनच्या परीक्षेत तिचा एक शब्दही विचारत नाहीत.

स्वयंचलित मोटारीची पहिली ठेच याच भाषेला लागली होती. २००९ मध्ये गूगलची चाचणीची मोटार अशाच एका चौरस्त्यावर अडकून पडली, कारण बाकीचे चालक पूर्ण न थांबता इंच इंच पुढे सरकत होते आणि ही मात्र सर्वांनी नियमाप्रमाणे थांबण्याची वाट पाहत राहिली. पुढे अभियंत्यांनी तिलाही इंचभर पुढे सरकून आपला इरादा दाखवायला शिकवले. २०१५ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात एक सायकलस्वार पाय न टेकता, जागच्या जागी तोल सावरत चौरस्त्यावर उभा होता. तो तोल सांभाळताना जरा पुढे झाला की गूगलची मोटार थबके, तो मागे झाला की ही पुढे यायला बघे, आणि हा खेळ सुमारे दोन मिनिटे चालला. त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले आहे. वाहतूक पोलिसाच्या हाताचे इशारे ओळखण्यापर्यंत यंत्राची मजल गेली, आणि २०२५ मध्ये तर वेमोची गाडी आता पूर्वीसारखी भिडस्त राहिली नाही, हक्काने पुढे घुसते, अशा बातम्या येऊ लागल्या.

बाहेरच्या माणसाला सांगण्यासाठी वेमोने छतावरच्या घुमटाचा उपयोग केला आहे. पादचाऱ्यासाठी थांबली असेल तर पुढच्या बाजूला करड्या-पांढऱ्या पट्ट्या सरकताना दिसतात, मागच्या मोटारींना पिवळ्या रंगात चालणाऱ्या माणसाची खूण दिसते, आणि प्रवासी दार उघडणार असेल तर मागून येणाऱ्या सायकलस्वारालाही इशारा मिळतो. मागच्यांसाठीची योजना मला उत्तम वाटते, कारण पुढची गाडी का थांबली हे न कळल्यानेच मागचा माणूस हॉर्न वाजवतो. पुढच्या पट्ट्यांबद्दल मी साशंक आहे. आयर्व्हिंग स्ट्रीट आणि नाइन्थ ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर बाकावर बसून मी आणि अण्णांनी एक अख्खी दुपार घालवली. कॉफी हातात घेतलेली मुले, ढकलगाडीतली बाळे, भाजीची पिशवी ओढत जाणारी एक चिनी आजी, असे सगळे वेमोसमोरून गेले, आणि त्यांतल्या कोणाची नजर छताकडे गेल्याचे मला दिसले नाही. आजींनी तर पलीकडे पोहोचल्यावर रिकाम्या आसनाकडे पाहून आभाराचा हात केला. लोक बघत होते ते चाकांकडे. अण्णांच्या मते त्यात नवल काहीच नव्हते. "दिवा कुणीही लावतो. पुढचं चाक खोटं बोलत नाही."

आमच्या क्षेत्रातल्या अनेक प्रयोगांचे सारही जवळपास हेच आहे: रस्ता ओलांडणारा माणूस दिव्यांपेक्षा आणि पाट्यांपेक्षा वाहनाचा वेग, अंतर आणि थांबण्याची पद्धत यांवर जास्त विसंबतो. या अभ्यासाची सुरुवात मोठी मजेशीर आहे. खरी चालकाविना मोटार हाताशी नव्हती तेव्हा स्टॅनफर्डमधील संशोधकांनी एका चालकाला मोटारीच्या आसनासारखा दिसणारा पोशाख चढवला आणि तो 'रिकाम्या' गाडीतून आवारात फिरला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेक पादचारी नेहमीसारखेच वागले, आणि गाडी अनपेक्षित वागली तेव्हाच बिचकले. २०१७ मध्ये फोर्ड आणि व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने हीच युक्ती ॲर्लिंग्टनच्या रस्त्यांवर वापरली, काचेवर इशाऱ्याचे पांढरे दिवे लावून. अण्णांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते. खुर्चीच्या गवसणीत बसून गाडी चालवण्याचा पगार मिळतो हे त्यांना आगारात जाऊन सांगायचे आहे.

वेमोची बोली तोकडी पडते तिथे लोक काय करतात, याचे पुरावे या शहराने भरपूर दिले आहेत. जुलै २०२३ मध्ये काही कार्यकर्त्यांनी शोध लावला की बॉनेटवर वाहतुकीचा नारिंगी शंकू ठेवला की चालकाविना गाडी जागची हलत नाही, आणि रात्री शंकू ठेवत फिरण्याची चळवळच सुरू झाली. १० फेब्रुवारी २०२४ च्या रात्री, चिनी नववर्षाच्या गर्दीत, चायनाटाउनमध्ये जमावाने एक रिकामी वेमो फोडून पेटवून दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन पुरुषांनी गाडीसमोर उभे राहून आतल्या एकट्या तरुणीकडे तिचा फोन नंबर मागितला, आणि समोर माणूस असल्यामुळे गाडी शिस्तीत उभीच राहिली. रात्री एकटीने प्रवास करताना अनोळखी चालक नसणे ही या सेवेची मोठी जमेची बाजू आहे, आणि मी स्वतः त्या कारणासाठी ती निवडते. पण गाडी माणसाला कधीच धडकणार नाही, ही खात्री जशी भल्यांना असते तशीच टवाळांनाही असते. अण्णा म्हणाले, "एसटी अशी अडवली तर कंडक्टर खाली उतरतो." चालक वगळताना एक कंडक्टरही वगळला गेला आहे, हे मला या वाक्यापर्यंत सुचले नव्हते.

सगळ्याच कहाण्या अशा गंभीर नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये गाड्यांच्या वाहनतळावर पहाटे चार वाजता हॉर्नचा गोंगाट होऊ लागला आणि शेजारच्या इमारतींतील लोकांची झोप उडाली. जवळून मागे येणाऱ्या वाहनाला सावध करण्यासाठी हॉर्न वाजवावा, ही नवी सोय केलेली होती, आणि तळावर लागताना सगळ्या गाड्या एकमेकींनाच सावध करत होत्या. कंपनीने ती चूक दुरुस्त केली. दुसरी गोष्ट दाराची. प्रवासी उतरताना दार नीट लावायला विसरला तर गाडी पुढे जाऊ शकत नाही, आणि लॉस एंजेलिसमध्ये तेवढ्यासाठी एखाद्याला पैसे देऊन बोलवावे लागते, अशी बातमी डिसेंबर २०२५ मध्ये आली. एकोणतीस कॅमेऱ्यांची गाडी एका दारासाठी माणसाची वाट पाहत उभी राहते, हे चित्र मला फार बोलके वाटते.

त्याच डिसेंबर २०२५ च्या २० तारखेला शहराच्या मोठ्या भागातली वीज गेली आणि सिग्नल बंद पडले. बंद सिग्नलचा चौक म्हणजे चारही बाजूंनी थांबण्याचा चौक, हे वेमोला शिकवलेले आहे, आणि अशा अनेक चौकांतून तिच्या गाड्या त्या दिवशी पारही झाल्या. परंतु खात्री वाटेना तेव्हा गाडी दूर बसलेल्या सहायकांकडे विचारणा करते. हे सहायक गाडी हाकत नाहीत, फक्त तिच्या प्रश्नांची उत्तरे देतात, असे कंपनी सांगते. त्या संध्याकाळी विचारणा इतक्या साचल्या की गाड्या चौकाचौकांत उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या आणि शेवटी सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. आपल्याकडे सिग्नल गेला की पानटपरीवरचा कोणीतरी उठतो आणि शिट्टी नसतानाही चौक चालवू लागतो; त्याला ना गणवेश असतो ना अधिकार, तरी लोक त्याचे ऐकतात. यंत्राला हा माणूस ओळखता येईल का आणि ओळखता आला तर त्याचे ऐकावे का, हा प्रश्न लायडार वाढवून सुटणारा नाही.

कोणी म्हणेल की चालकाविना वाहन ही काही नवी वस्तू नाही. पॅरिसची १४ क्रमांकाची मेट्रो १९९८ पासून, दुबईची २००९ पासून आणि दिल्लीची मॅजेंटा मार्गिका २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना धावते. मुंबईतल्या २अ आणि ७ या मार्गिकांच्या गाड्याही तशी सोय ठेवूनच बांधल्या आहेत. पण रुळावर गाडी एकटीच असते आणि फलाटावर काचेची दारे माणसाला तिच्यापासून दूर ठेवतात. तिथे बोलायचेच कोणाशी नसते, म्हणून मुकेपणा खपून जातो.

सुरक्षिततेचे आकडे वेमोच्या बाजूने आहेत. स्विस रे या विमा कंपनीबरोबर मिळून वेमोने डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, सुमारे अडीच कोटी मैलांच्या प्रवासात, मालमत्तेच्या नुकसानीचे दावे माणसांनी चालवलेल्या मोटारींपेक्षा ८८ टक्क्यांनी आणि शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यासात कंपनी स्वतः सहभागी आहे हे लक्षात ठेवूनही हा फरक मोठा आहे. दुसऱ्या बाजूला, मुलांना उतरवण्यासाठी थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडून गेल्याच्या घटनांनंतर डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीला आपली संगणक-प्रणाली रीतसर परत घेऊन दुरुस्त करावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी नियमबाह्य यू टर्न घेणारी वेमो थांबवली, तेव्हा पावती कोणाच्या नावाने फाडायची याला कायद्यात जागाच नव्हती. अण्णांना यातले सर्वात जास्त काय खटकले असेल, तर हेच. एकतीस वर्षांत एकदाही पावती न फाटल्याचा त्यांना अभिमान आहे, आणि ज्याची पावती फाटूच शकत नाही त्याच्या स्वच्छ नोंदीला काय अर्थ आहे, असे ते विचारतात.

मराठी वाचकांपैकी जे इथे राहतात किंवा आई-वडिलांना घेऊन येणार आहेत त्यांना ही सेवा वापरण्याची शिफारस मी करते. ज्येष्ठांना पहिल्या फेरीत पुढे बसवा. मागे बसले की त्यांना फक्त रिकामे आसन दिसते, पुढे बसले की रस्ता दिसतो आणि भीती लवकर जाते. विमान गाठायचे असेल त्या दिवशी किंवा शहरात वीज गेली असेल तेव्हा दुसरी सोय हाताशी ठेवा. कंपनीकडे माझी एकच मागणी आहे: घुमटावरची अक्षरे आणि पट्ट्या वाढवण्याऐवजी थांबण्याची ढब सुधारावी. पादचारी अजून पदपथावर असतानाच, लांबून आणि ठळकपणे वेग कमी करणे, हाच त्याला कळणारा निरोप आहे. आत बसलेल्याच्या पोटातले पाणी हलू नये म्हणून ब्रेक जितका मऊ लावला जातो, तितकाच तो बाहेर उभ्या असलेल्याला उशिरा कळतो. गाडीने कोणाची सोय आधी पाहावी, हे भाडे कोण देते यावरून ठरू नये.

परतीच्या फेरीत घराजवळ उतरताना अंधार पडला होता आणि धुके खाली आले होते. अण्णांनी आपले दार लावले, माझे नीट लागले आहे का ते ओढून पाहिले, आणि दोन पावले मागे येऊन मागच्या दाराच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या, कंडक्टरच्या डबल बेलच्या अंतराने. गाडीने इंडिकेटर दिला, मागून येणारी सायकल जाऊ दिली आणि ती निघाली. दोन थापांचा आणि निघण्याचा काहीही संबंध नाही, हे मी त्यांना समजावून सांगत होते.

"समजतं त्याला," अण्णा म्हणाले, आणि जिन्याकडे वळले.